अमेरिकेत स्कायडायव्हिंग शिकायचंय? पहिल्या वर्गापासून ए लायसन्सपर्यंत

टँडेम उडी म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन मारलेली उडी. ती एकदा मारली की बहुतेकांची हौस फिटते. काहींची मात्र फिटत नाही. आपलं पॅराशूट आपण उघडावं, आपण चालवावं, आपण उतरवावं असं त्यांना वाटू लागतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी दक्षिण कॅलिफोर्नियात शिकले आणि आजही तिथेच उड्या मारते. ओळखीतली मराठी मंडळी फोन करून विचारतात ते प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

मराठी घरात स्कायडायव्हिंग म्हटलं की पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव निघतं. २००४ मध्ये त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्या नऊवारी नेसून विमानातून झेपावल्या. ते धाडस वेगळ्या जातीचं आहे. तुमच्या-माझ्यासारख्या नोकरी-संसार सांभाळून शनिवार-रविवारी उडणाऱ्यांचा रस्ता पायरीपायरीचा असतो आणि तो तसाच असावा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचा सगळा लेख तिच्याभोवती आहे. नवख्याला भीती असते ती विमानाच्या दाराची. पण अनुभवी माणसांना झालेल्या गंभीर दुखापती पाहिल्या, तर त्यातल्या कितीतरी व्यवस्थित उघडलेल्या, पूर्ण चांगल्या पॅराशूटखाली, जमिनीजवळ झालेल्या दिसतात. म्हणून शिकताना सर्वांत जास्त लक्ष शेवटच्या हजार फुटांवर द्या.

१. आधी तब्येत, वजन आणि विमा

अमेरिकेत या खेळाचे नियम आणि लायसन्स युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन, म्हणजे यूएसपीए, ही संघटना सांभाळते. ए हे त्यातलं पहिलं लायसन्स. वय १८ पूर्ण हवं. वजनाची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, कारण त्यांच्याकडे विद्यार्थ्यांसाठी कोणत्या मापाची पॅराशूट आहेत त्यावर ती ठरते. फोनवर विचारून घ्या आणि खरं वजन सांगा. हृदयविकार, फिट्स, खांदा निखळण्याचा जुना त्रास, पाठीची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया असं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मग प्रशिक्षकालाही सांगा. खांद्याचं विशेष सांगते. ताशी १९० किलोमीटरच्या वाऱ्यात हात पसरून पडायचं असतं आणि पॅराशूट उघडायला तोच हात मागे न्यावा लागतो. निखळणारा खांदा लपवून ठेवण्यासारखा नाही.

सर्दीने नाक-कान बंद असतील तर त्या दिवशी उडू नका. स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर मध्ये पूर्ण २४ तास जाऊ द्या.

विम्याचा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच लोक फसतात. यूएसपीएच्या सदस्यत्वात ५०,००० डॉलरचा विमा असतो, पण तो तुमच्यामुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर. तुमचा स्वतःचा पाय मोडला तर त्यातून एक पैसा मिळत नाही. कंपनीकडून मिळालेला आरोग्य विमा साहसी खेळ वगळतो का, हे त्याच्या कागदपत्रांत वाचा. विद्यापीठात शिकत असाल तर तिथला विमा वाचा. भारतातून आलेल्या आई-वडिलांचा किंवा भावंडांचा प्रवास विमा तर बऱ्याचदा हे वगळतोच, त्यामुळे त्यांना उत्साहाने टँडेमला नेण्याआधी तो पाहा. आयुर्विम्याच्या अर्जात या छंदाबद्दल विचारलं असेल तर खरं उत्तर द्या.

२. ड्रॉपझोन निवडताना

जिथून विमानं उडतात आणि जिथे आपण उतरतो त्या जागेला ड्रॉपझोन म्हणतात. दक्षिण कॅलिफोर्नियात पेरिस आणि लेक एल्सिनोर, ॲरिझोनात इलॉय, फ्लोरिडात डीलँड, इलिनॉयमध्ये ऑटावा ही मोठी आणि जुनी नावं. घराजवळ छोटा ड्रॉपझोन असेल तर तोही चांगला असू शकतो. तिथे एकच छोटं विमान असेल, पण प्रशिक्षक तुम्हाला नावाने ओळखतील.

नुसत्या संकेतस्थळावरून ठरवू नका. एक शनिवार सकाळ तिथे जाऊन बसा. काय पाहायचं ते सांगते. वारा वाढला की विद्यार्थ्यांना थांबवतात का? विमानात चढण्याआधी लोक एकमेकांची रिग, म्हणजे पाठीवरचा पॅराशूटचा सगळा संच, तपासतात का? कुणी वेडंवाकडं उतरलं तर त्याच्याशी जाऊन कुणी बोलतं का, की सगळे हसून सोडून देतात? विद्यार्थ्याला "आज नाही" म्हणणारा ड्रॉपझोन मिळाला तर थोडं लांब गाडी चालवावी लागली तरी तो घ्या. आणि मॅनिफेस्टवर, म्हणजे जिथे नावं नोंदवतात त्या खिडकीवर, हे प्रश्न विचारा:

- प्रशिक्षक यूएसपीएचे प्रमाणित आहेत का, आणि एकाच प्रशिक्षकाकडे सलग शिकता येईल का?
- एखादा टप्पा पुन्हा करावा लागला तर त्याचे पैसे किती?
- माझी आधीची टँडेम उडी अभ्यासक्रमात धरली जाईल का?
- आठवड्याच्या मधल्या दिवशी विद्यार्थ्यांना उडवता का?
- हवामानामुळे थांबलो तर भरलेले पैसे किती दिवस चालतात?

खर्चाचा अंदाज हवा असतो सगळ्यांना. ए लायसन्सपर्यंत साधारण ३,००० ते ४,५०० डॉलर धरून चाला. पुन्हा कराव्या लागणाऱ्या उड्यांसाठी थोडे पैसे बाजूला ठेवाच. "पुढच्या उडीला पैसे पुरतील का" या काळजीत असलेलं डोकं प्रशिक्षकाचं बोलणं नीट ऐकत नाही.

३. पहिल्या दिवशी काय न्यायचं

- पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स
- यूएसपीए सदस्यत्व (पहिल्या दिवशी तिथेच काढता येतं)
- आरोग्य विम्याचं कार्ड
- तातडीच्या वेळी ज्यांना फोन करायचा त्यांचं नाव आणि नंबर. ही व्यक्ती अमेरिकेतली असावी, नाहीतर रात्री अडीचला फोन पुण्यात वाजेल
- लॉगबुक आणि पेन
- लेसचे साधे धावायचे बूट. हुक असलेले ट्रेकिंगचे बूट नकोत, त्यांत दोऱ्या अडकतात
- अंगाला बसणारे कपडे, पाणी, टोपी, सनस्क्रीन
- चष्मा असेल तर तसं आधी सांगा, त्यावरून घालायचे मोठे गॉगल मिळतात

अंगठी, कानातलं, मंगळसूत्र घरी ठेवा. लांब केस असतील तर घट्ट वेणी घालून ती कॉलरच्या आत घाला. पोट रिकामं ठेवून येऊ नका. भीतीने न जेवता आलेले विद्यार्थी दुपारपर्यंत गळून जातात.

तिथे गेल्यावर पहिलं काम म्हणजे वेव्हर, अर्थात जोखीम मान्य केल्याचा कागद. पानापानावर आद्याक्षरं मागतात. अपघात झाल्यास दावा करण्याचा हक्क आपण बहुतांशी सोडतो आहोत, असा त्याचा अर्थ आहे. घाईत सही करू नका. घरच्यांनाही तो दाखवा. आमच्या घरी हा कागद वाचल्यावर जे बोलणं झालं, ते होणं गरजेचं होतं.

४. जमिनीवरचा वर्ग

पहिल्या उडीचा वर्ग बहुतेक ठिकाणी दिवसभराचा असतो. अंगाची कमान कशी करायची, म्हणजे कंबर पुढे, डोकं वर, हातपाय सैल, उंचीचं घड्याळ कधी बघायचं, हातांच्या खुणा, पॅराशूट कसं उघडायचं आणि उघडल्यावर ते चांगलं आहे हे कसं ओळखायचं, टांगलेल्या हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांमध्ये, बसून बिघाडाचा सराव, आणि पडताना गुडघे-घोटे जोडून अंग कसं लोळवायचं. इतकं सगळं एका दिवसात येतं.

प्रशिक्षकासमोर तोंडपाठ म्हणून दाखवलं की झालं, असं समजू नका. घरी आल्यावर डोळे मिटून पूर्ण उडी हातवारे करत पुन्हा करा. बैठकीच्या खोलीत जमिनीवर पालथं पडून कमान करा. घरातली माणसं बघतील, बघू देत. यूएसपीएची मार्गदर्शक पुस्तिका, जिला सगळे सिम म्हणतात, त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. त्यातलं आपल्या टप्प्याचं प्रकरण उडीच्या आदल्या रात्री वाचायची सवय लावा.

५. एएफएफ म्हणजे प्रत्यक्षात काय

एएफएफ, म्हणजे ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल, ही आज अमेरिकेत शिकण्याची सर्वांत जास्त चालणारी पद्धत. साधारण १०,००० ते १४,००० फुटांवरून उडी असते. सुरुवातीला दोन प्रशिक्षक तुम्हाला दोन्ही बाजूंनी धरून तुमच्यासोबत बाहेर पडतात. पण पॅराशूट तुमचं, ते उघडायचं तुम्ही आणि खाली यायचं एकट्यानेच. यूएसपीएच्या अभ्यासक्रमात ए पासून एच पर्यंत आठ टप्पे आहेत. आधी स्थिर पडणं आणि हात मागे नेऊन हँडल शोधण्याचा सराव, मग प्रशिक्षकाने सोडल्यावर स्वतः स्थिर राहणं, मग वळणं, मग कोलांट्या आणि तोल गेल्यावर पुन्हा सावरणं, मग इतरांपासून दूर सरकणं, ज्याला ट्रॅकिंग म्हणतात. मध्येच ५,५०० आणि ३,५०० फुटांवरून लगेच पॅराशूट उघडण्याच्या दोन उड्या येतात. विमानाला अडचण आली आणि खालून उडी मारावी लागली तर गांगरून जाऊ नये, यासाठी त्या असतात. शेवटचे टप्पे कोचसोबत, हवेत एकमेकांजवळ जाण्याचे.

पोटावर पडताना वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे हजार फूट साधारण साडेपाच सेकंदांत. सुरुवातीच्या उड्यांत ५,५०० फुटांच्या सुमाराला दोन्ही हात हलवून खूण करायची आणि हँडल ओढायचं असतं. तिथून जमीन सुमारे अर्ध्या मिनिटावर आहे. म्हणून उंचीचं भान हा या खेळातला पहिला नियम. उडीतलं ठरलेलं काम साधलं नाही तरी चालेल, उंचीवर पॅराशूट उघडलंच पाहिजे. विद्यार्थी आणि ए लायसन्सधारकाने ३,००० फुटांच्या खाली उघडायचंच नाही, हा यूएसपीएचा मूलभूत सुरक्षा नियम आहे.

एखादा टप्पा नापास होणं अगदी नेहमीचं आहे. हवेत शरीर ताठ होतं, पाय मागे आखडतात, गोल गोल फिरायला होतं. पुन्हा करा. जवळ वाऱ्याचा बोगदा, म्हणजे खालून सुटणाऱ्या वाऱ्यावर तरंगायची बंद जागा, असेल (पेरिसला तर ड्रॉपझोनवरच आहे) तर सुरुवातीलाच थोडी मिनिटं घ्या. एका उडीत मिनिटभराचासुद्धा मुक्त पतनाचा वेळ मिळत नाही, बोगद्यात तो सलग मिळतो. पण बोगदा पॅराशूट चालवायला शिकवत नाही, हे विसरू नका.

६. शेवटचे हजार फूट

इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

पॅराशूट उघडलं की नवख्याला वाटतं, सुटलो. मग तो देखावा बघत बसतो आणि ८०० फुटांवर एकदम लक्षात येतं की उतरायची जागा मागे राहिली. उघडल्यावर पहिली तपासणी: आयताकृती आहे का, स्थिर आहे का, वळतं का, आणि फ्लेअर करून, म्हणजे दोन्ही टॉगल (चालवायच्या मुठी) एकत्र खाली ओढून वेग मारून, बघितलं तर प्रतिसाद देतं का. लगेच आजूबाजूला दुसरी पॅराशूट कुठे आहेत ते पाहायचं आणि उतरायची जागा शोधायची. यूएसपीएच्या शिकवणीत खाली यायचा साचा ठरलेला आहे: १,००० फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, ६०० फुटांवर वाऱ्याला आडवं वळण, ३०० फुटांवर वाऱ्यासमोर. विमानात चढण्याआधीच ड्रॉपझोनच्या हवाई छायाचित्रावर बोट ठेवून प्रशिक्षकाला दाखवा, "मी इथे हजार, इथे सहाशे, इथे तीनशे." हे दाखवता येत नसेल तर त्या विमानात चढू नका.

पहिल्या काही उड्यांत जमिनीवरून रेडिओवर सूचना मिळतात. रेडिओ बंद पडू शकतो, आवाज तुटू शकतो, दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी दिलेली सूचना तुम्हाला ऐकू येऊ शकते. रेडिओ नाहीच असं धरून आपली आखणी तयार ठेवायची.

आता सर्वांत महत्त्वाचं. जमिनीजवळ जोरात वळू नका. वळताना पॅराशूट तिरकं होऊन वेगाने खाली झेपावतं आणि खाली सावरायला उंची नसते. वाऱ्याची दिशा चुकली, कुंपण समोर आलं, दुसरा कुणी आडवा आला, अशा वेळी घाबरलेला हात आपोआप एक टॉगल खाली ओढतो. नेमके इथेच मणके आणि मांड्या मोडतात. यूएसपीए उतरण्याचा प्राधान्यक्रम शिकवते तो पाठ करा: पॅराशूट आडव्या रेषेत सरळ ठेवा, अडथळे टाळा, निदान अर्ध्यापर्यंत तरी फ्लेअर करा. त्यासोबत गुडघे-घोटे जोडून लोळून पडायची तयारी ठेवा. वाऱ्यासोबत किंवा आडवं, पण सरळ आणि फ्लेअर करून उतरलात तर धूळ लागेल, गुडघा खरचटेल. वाऱ्यासमोर येण्याच्या नादात पन्नास फुटांवर वळलात तर तिथे जीवही जाऊ शकतो.

फ्लेअर दहा-बारा फुटांवर. उंची कशी कळणार? पायाखाली बघू नका, जमीन अंगावर येते आहे असं वाटतं आणि हात लवकर ओढला जातो. समोर, थोडं लांब, क्षितिजाच्या जरा खाली बघा. लवकर फ्लेअर झाला तर हात वर सोडू नका. आहेत तिथेच धरून ठेवा आणि मिळेल तेवढा उरलेला फ्लेअर खाली आल्यावर पूर्ण करा. हात सोडले तर पॅराशूट पुढे झेपावून आपटतं.

वाऱ्याचंही बोलायला हवं. विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या पट्ट्यात दुपारी वारा चढतो, त्यामुळे विद्यार्थ्याने सकाळी विमानं सुरू होतानाच हजर असावं. हँगर, झाडं, टेकड्या यांच्या आडोशाच्या बाजूला हवा घुसळते. ती घुसळण डोळ्यांना दिसत नाही, पण खाली येणारं पॅराशूट तिथे अचानक मऊ पडतं. अशा अडथळ्यांपासून लांब उतरा, ठरल्या जागेपासून दूर झालं तरी. शेतात उतरून चालत परत येण्यात काहीच कमीपणा नाही. ड्रॉपझोनची गाडी शोधायला येते. उतरल्यावर उभे राहून हात हलवा, म्हणजे तुम्ही ठीक आहात हे लांबून कळेल.

७. गडबड झाली तर

हे वर्गात, हार्नेसमध्ये, तुमच्या रिगच्या हँडलांवर शिकायचं. इथे लिहिते आहे ते फक्त आधी ऐकून असावं म्हणून.

रिगमध्ये दोन पॅराशूट असतात: मुख्य आणि राखीव. राखीव पॅराशूट एफएएचं (अमेरिकेच्या सरकारी विमानवाहतूक संस्थेचं) प्रमाणपत्र असलेला रिगरच पॅक करतो आणि दर १८० दिवसांनी ते उघडून, तपासून पुन्हा पॅक करावं लागतं. शिवाय एएडी हे छोटं यंत्र असतं. तुम्ही ठराविक उंचीखाली अजून वेगाने पडत असाल तर ते राखीव पॅराशूट उघडतं. सायप्रेस, व्हिजिल ही त्यातली नेहमी कानावर पडणारी नावं. विद्यार्थ्यांना एएडी सक्तीचं आहे. ते तुमच्या वतीने निर्णय घेणारं यंत्र समजू नका. सायप्रेसच्या अनुभवी माणसांसाठीच्या प्रकारात ते ७५० फुटांच्या आसपास काम करतं, आणि तेवढ्या खाली कुणीच जायचं नसतं. विद्यार्थ्यांचा प्रकार कमी वेगालाही चालू होतो, त्यामुळे कमी उंचीवर गोल गोल वेगाने फिरणं हेही धोक्याचं.

उघडलेलं पॅराशूट चालवता आणि उतरवता येणार नाही असं असेल तर विद्यार्थ्याने २,५०० फुटांपर्यंत निर्णय घ्यायचा: मुख्य सोडून द्यायचं आणि राखीव उघडायचं. उजव्या बाजूला कटअवेचं, म्हणजे मुख्य सोडून द्यायचं, हँडल, डाव्या बाजूला राखीवचं. दोन्हींकडे डोळ्यांनी बघून मग क्रमाने ओढायचं. मुख्य पॅराशूट एका ओढीत सुटतं ते तीन कड्यांच्या जोडणीमुळे. बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात ती काढली आणि आज ती जवळपास प्रत्येक रिगवर असते. २,५०० फुटांखाली आल्यावर "आणखी जरा प्रयत्न करून बघू" हा विचार घातक असतो. उंचीला तुमच्या आशेशी काही देणंघेणं नसतं.

विमानात चढण्याआधी स्वतः हँडलांना हात लावून, नावं घेऊन क्रम म्हणा. प्रत्येक उडीला. सगळे मोठे लोक करतात, अगदी हजारो उड्या झालेलेही. रिगची तपासणी तीनदा होते: घालण्याआधी, चढण्याआधी आणि बाहेर पडण्याआधी विमानात. कुणी "तुझी पिन बघू का?" विचारलं (पाठीवरची पिशवी बंद ठेवणारी पिन) तर पाठ त्यांच्याकडे करा आणि धन्यवाद म्हणा. पट्टा निदान १,५०० फुटांपर्यंत बांधलेला ठेवा.

आकडा हवा असेल तर एक देते. यूएसपीएच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि १० जणांचा जीव गेला. १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक लोक जात. फरक पडला तो सामान सुधारल्यामुळे, आणि प्रत्येक अपघात लिहून, वाचून, त्यावर बोलण्याच्या सवयीमुळे. दरवर्षी मार्चच्या सुमाराला ड्रॉपझोनवर सेफ्टी डे असतो. पहिल्या वर्षी तो चुकवू नका.

८. पॅकिंग, परीक्षा आणि ए लायसन्स

ए लायसन्ससाठी किमान २५ उड्या लागतात. त्यात निदान ५ उड्या इतरांसोबत गटात, आणि निदान ५ वेळा कुणाच्याही मदतीशिवाय ठरवलेल्या बिंदूपासून २० मीटरच्या आत उतरणं. मुख्य पॅराशूट स्वतः पॅक करता आलं पाहिजे. प्रगतीच्या कार्डावर प्रत्येक कौशल्यासमोर प्रशिक्षकाची सही लागते. शेवटी लेखी व तोंडी परीक्षा आणि एक तपासणीची उडी.

पॅकिंगचा वर्ग शेवटपर्यंत ढकलू नका. पहिल्यांदा नायलॉनचं कापड सारखं निसटतं, पिशवीत मावत नाही, घाम फुटतो. पावसाच्या किंवा वाऱ्याच्या दिवशी, विमानं बंद असताना, पॅकरजवळ बसा आणि शिका. आपण पॅक केलेलं उघडताना बघितलं की पॅराशूट कसं चालतं हे आतून समजतं, आणि बिघाड कशाने होतात हेही.

कार्डाचा फोटो दर उडीनंतर काढा. कार्ड हरवून पुन्हा सह्या गोळा करत फिरणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

९. ड्रॉपझोनवरची माणसं

इथे अडखळतात ते मुख्यतः लाजाळू लोक, आणि आपल्याकडचे बरेच जण परक्या घोळक्यात गप्प राहतात. उडी झाली की सामान आवरून गाडीकडे पळू नका. संध्याकाळपर्यंत थांबा. शेवटचं विमान उतरलं की बिअर उघडतात, शेकोटी पेटते, आणि दिवसभराच्या उड्यांचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितले जातात. खरं शिक्षण तिथे होतं. कोण का वेडंवाकडं उतरलं, वारा कधी बदलला, दुसऱ्या विमानातला गट इतका जवळ का आला, हे सगळं तिथे कळतं. उड्या चालू असताना मात्र दारूला हातही लावायचा नाही. रात्री प्यायला असाल तर सकाळच्या पहिल्या विमानाचं नाव काढू नका.

एक रीत ऐकून ठेवा: काहीही पहिल्यांदा केलंत की सगळ्यांना बिअर पाजायची. पहिली एकट्याने मारलेली उडी, लायसन्स, पहिला कटअवे. न पिणाऱ्यांनी घाबरू नये. मी एकदा डबाभर बटाटेवडे नेले, ते बिअरच्या आधी संपले. शंभराव्या उडीला तोंडावर क्रीमचं पाय (केकसारखा गोड पदार्थ) थापतात, त्या दिवशी चांगला टी-शर्ट घालू नका. मोठ्या मेळाव्यांना बूगी म्हणतात. लायसन्सनंतर लगेच दहा जणांच्या उडीत घुसायचं नाही, दोघा-तिघांच्या उड्या कोचसोबत करत राहा. स्त्रियांसाठी यूएसपीएचा सिस्टर्स इन स्कायडायव्हिंग हा उपक्रम आहे, त्यांच्या दिवशी जा. एकटं वाटणं बरंच कमी होतं.

प्रत्येक ड्रॉपझोनवर एक सुरक्षा व प्रशिक्षण सल्लागार नेमलेला असतो. कुणी धोकादायक वागलं, तुम्हाला दडपण आणलं, किंवा स्वतःच्याच उडीबद्दल शंका राहिली तर त्यांच्याकडे सरळ जा. दुसरं असं की अपघात झाला तर फोन काढून चित्रीकरण करायचं नाही, कुणाला पाठवायचं नाही. त्या माणसाच्या घरच्यांना ते तुमच्याकडून कळता कामा नये.

कॅमेरा हेल्मेटवर लावायची घाई सगळ्यांना असते. यूएसपीएची शिफारस २०० उड्यांनंतरची आहे. विंगसूटलाही, म्हणजे हातापायांत कापडी पंख असलेल्या पोशाखालाही, २०० उड्या लागतात. "मला जमेल" असं वाटलं तरी थांबा.

१०. स्वतःची रिग घेताना

लायसन्स मिळालं की भाड्याची रिग नकोशी होते. मापाचा हिशोब आधी करा. तुमचं वजन ७० किलो असेल तर रिग-कपड्यांसह ते साधारण ८२ किलो, म्हणजे १८० पौंड. पॅराशूट १९० चौरस फुटांचं असेल तर दर चौरस फुटाला एक पौंडापेक्षा थोडं कमी ओझं. नवख्याने या एकच्या रेषेच्या वर जाऊ नये. लहान पॅराशूट जास्त वेगवान असतं आणि चूक माफ करत नाही. विकणारा सांगेल, "लवकरच तुला लहान लागेल, आत्ताच घे." ऐकू नका. राखीव पॅराशूटचं मापही तसंच पाहा. कधीतरी बेशुद्धावस्थेत किंवा अनोळखी जागी त्याखालीच उतरावं लागेल.

जुनी रिग घेताना पैसे देण्याआधी तुमच्या रिगरकडून ती तपासून घ्या. हार्नेस तुमच्या अंगाला बसतो का, एएडीचं आयुष्य किती उरलं आहे, दोऱ्या कधी बदलल्या, हे लिहून मागा. फोटोवर भरवसा ठेवून पैसे पाठवू नका.

बी लायसन्सला ५० उड्या लागतात आणि त्याआधी पॅराशूट चालवण्याचा स्वतंत्र वर्ग करावा लागतो. तो वर्ग ५० ची वाट न बघता लायसन्सनंतर लगेच करा. माझ्या मते रिगवरच्या खर्चाआधी हा खर्च.

११. भारतवारी, खंड आणि परत सुरुवात

विद्यार्थी असताना ३० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उडी मारावी, अशी यूएसपीएची शिफारस आहे. ए लायसन्सला हीच मुदत ६० दिवसांची. म्हणून दिवाळीत किंवा डिसेंबरात महिना-दीड महिना भारतात जाणार असाल तर त्याच्या तोंडावर एएफएफ सुरू करू नका. परत येऊन सुरू करा, आणि सलग दोन-तीन महिने दर आठवड्याला जाता येईल असा काळ निवडा. खंड पडलाच तर मॅनिफेस्टला फोन करतानाच शेवटच्या उडीची तारीख सांगा. बिघाडाचा सराव हार्नेसमध्ये पुन्हा करून घ्या, मोठ्या मापाची रिग मागा आणि कमी वाऱ्याची सकाळ निवडा.

दुबई, स्पेन, थायलंड असं बाहेर उडायला जायचं असेल तर यूएसपीएचं लायसन्स बऱ्याच देशांत मानतात. सोबत लायसन्स, चालू सदस्यत्व, लॉगबुक आणि स्वतःची रिग असेल तर राखीव पॅराशूटचं पॅकिंग कार्ड ठेवा. राखीव किती दिवसांनी पॅक केलेलं हवं याचे नियम देशागणिक बदलतात, ते आधी ईमेलने विचारून घ्या. विमानप्रवासात रिग हातातल्या सामानातच न्या आणि एएडीचं एक्स-रे कार्ड वरच्या खिशात ठेवा, सुरक्षा तपासणीत तेच दाखवायचं असतं.